घर पाहावे वाचून

आयुष्यभराची पुंजी ओतून घेतलेले घर एका कागदाअभावी बेकायदेशीर ठरू शकते. नोएडाचे जुळे मनोरे, वरळीचे कॅम्पा कोला आणि डोंबिवलीच्या इमारती हेच सांगून गेल्या. कायदा आज घर घेणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. पण त्याचा खरा उपयोग होतो तो पैसे देण्यापूर्वी.

२८ ऑगस्ट २०२२. रविवारची दुपार. दिल्लीला खेटून असलेल्या नोएडातील सेक्टर ९३ ए मध्ये रस्त्यावर चिटपाखरूही नव्हते. आजूबाजूच्या सोसायट्यांतील हजारो रहिवाशांनी सकाळीच घरे रिकामी केली होती. म्हातारी माणसे, आजारी माणसे, तान्ही मुले, सगळ्यांना हलवण्यात आले होते. बरोबर अडीच वाजता बटण दाबले गेले आणि ‘अपेक्स’ व ‘सियान’ नावाचे दोन मनोरे बसल्या जागी खाली आले. एक ३२ मजल्यांचा, दुसरा २९ मजल्यांचा. दोन्ही कुतुबमिनारपेक्षा उंच. उभारायला वर्षे लागली, पडायला काही सेकंद पुरले. धुळीचा एक प्रचंड लोट उठला आणि सारा देश टीव्हीसमोर अवाक् होऊन पाहत राहिला.

हे मनोरे भूकंपाने पडले नाहीत की सिमेंट कच्चे होते म्हणून पडले नाहीत. ते पाडले गेले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. सुमारे ३,७०० किलो स्फोटके लावून. त्यांचा दोष भिंतींत नव्हता, कागदांत होता.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळात माणूस स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या देखरेखीखाली, ओळखीच्या गवंड्याकडून घर बांधून घेत असे. आज शहरात घर कोणी बांधत नाही, विकत घेतो. तेही पुष्कळदा फक्त नकाशावर असलेले. जमीन एकाची, विकासाचे हक्क दुसऱ्याचे, पैसा बँकेचा, परवानगी महापालिकेची आणि कर्जाचे हप्ते मात्र आपले, असा हा मामला. साहजिकच आता घर बांधून नव्हे, तर वाचून पाहावे लागते.

बागेच्या जागी मनोरे

नोएडाची ही कथा मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ‘सुपरटेक’ या कंपनीच्या ‘एमराल्ड कोर्ट’ या वसाहतीत लोकांनी घरे घेतली, तेव्हा मूळ आराखड्यात मध्यम उंचीच्या इमारती आणि मोकळी हिरवी जागा होती. पुढे आराखडा बदलत गेला. ज्या मोकळ्या जागेकडे पाहून लोकांनी पैसे भरले होते, तिथेच दोन नव्या मनोऱ्यांचे काम सुरू झाले. शेजारच्या इमारतीपासून किमान १६ मीटर अंतर हवे होते, ते जेमतेम ९ मीटर राहिले. ऊन अडले, वारा अडला आणि आग लागलीच तर बंब फिरायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला.

रहिवाशांच्या संघटनेने नोएडा प्राधिकरणाकडे मंजूर नकाशे मागितले. आपल्याच वसाहतीचा नकाशा! पण तो दाखवावा की नाही, हे प्राधिकरणाने चक्क बिल्डरलाच विचारले आणि बिल्डरने अर्थातच नकार दिला. अखेर रहिवाशांनी वर्गणी काढून कोर्टाची पायरी चढली. २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात अर्ज झाला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने मनोरे पाडण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश कायम केला, अधिकारी आणि बिल्डर यांच्या संगनमतावर कडक ताशेरे ओढले आणि रहिवाशांच्या संघटनेला दोन कोटी रुपये खर्चापोटी देण्यास सांगितले.

सामान्य माणसांनी दिलेल्या लढ्याचा हा विजय होता, यात शंका नाही. पण या विजयाची एक दुसरी बाजूही आहे. त्या दोन मनोऱ्यांमध्ये सहाशेहून अधिक लोकांनी घरे नोंदवली होती. तीही आपल्यासारखीच माणसे. न्यायालयाने त्यांचे पैसे १२ टक्के व्याजाने परत करण्याचा आदेश दिला. परंतु मार्च २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि आपलेच पैसे मिळवण्यासाठी यातल्या अनेकांना पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. एका बाजूला हिरावलेली बाग, दुसऱ्या बाजूला हिरावलेले घर. चूक कोणाची आणि भोगणार कोण, हा प्रश्न या व्यवसायात नेहमीच पडत आला आहे.

सहाव्या मजल्यावरचे घर

मुंबईकरांना हा प्रश्न नवा नाही. वरळीतल्या कॅम्पा कोला वसाहतीची आठवण अजून ताजी आहे. शीतपेय बनवणाऱ्या कंपनीला महापालिकेने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर १९८० च्या दशकात सात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी पाच मजल्यांपर्यंतची होती. १९८४ मध्ये पालिकेने काम थांबवण्याची नोटीसही दिली होती. तरी मजल्यांवर मजले चढत गेले. एक इमारत तर २० मजल्यांची झाली.

लोक राहायला आले. मुले लहानाची मोठी झाली, लग्नकार्ये झाली. इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मात्र नव्हते. हे प्रमाणपत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली असून राहण्यास योग्य आहे, असा पालिकेचा दाखला. ते नाही म्हणून पालिकेची नियमित पाण्याची जोडणी नाही. पाण्यासाठी रहिवासी न्यायालयात गेले आणि पाण्याच्या या प्रश्नातूनच बेकायदा मजल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजल्यांना संरक्षण देण्यास नकार दिला.

त्यानंतरचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये पालिकेचा ताफा फाटकापाशी आला, तेव्हा बायाबापड्या आडव्या झाल्या. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयानेच काही महिन्यांची मुदत दिली. पण जून २०१४ मध्ये ती संपली आणि वीज, पाणी, गॅस तोडण्यासाठी कर्मचारी आत गेले. पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाचे घर कायदेशीर राहिले, सहाव्या मजल्यावरच्याचे बेकायदा ठरले. दोघांनीही पैसे मोजले होते. फरक होता तो फक्त मंजूर नकाशावरच्या एका रेघेचा.

आणि हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे दगावली. त्यात मजूर होते, त्यांची मुले होती आणि राहायला आलेली कुटुंबेही होती. परवानगीचा कागद म्हणजे निव्वळ सरकारी सोपस्कार आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना आठवावी. परवानगी असते तिथे निदान कोणी तरी पाया, लोखंड आणि खांब यांचा हिशेब तपासलेला असतो.

मोफापासून रेरापर्यंत

घर घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रात तसा फार पूर्वी झाला. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा, ज्याला सारे ‘मोफा’ म्हणतात, त्याने बिल्डरवर अनेक बंधने घातली. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, नकाशे आणि मालकीचे कागद दाखवायचे, सोसायटी स्थापन करून द्यायची, जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची. नियम मोडल्यास तुरुंगवासाचीही तरतूद होती. कायदा चांगला होता, पण तो राबवणारे वेगळे खाते नव्हते. तक्रार घेऊन जायचे कुठे? पोलिसांकडे गेले तर ‘हा दिवाणी मामला आहे’ आणि दिवाणी कोर्टात गेले तर नातवंडांपर्यंत खटला.

पुढे ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे कायद्यातच दुरुस्ती करून लिहिले गेले आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की घर वेळेवर न देणारे सरकारी प्राधिकरणसुद्धा ग्राहकाला जबाबदार आहे. त्यामुळे ग्राहक मंचांचे दार उघडले. आजही ते उघडेच आहे.

तरीही मुख्य दुखणे कायम होते. एका प्रकल्पासाठी गोळा केलेला पैसा बिल्डर दुसरीकडे जमीन घेण्यात घालवी, तिसऱ्या प्रकल्पाच्या पैशातून पहिल्याचे काम रेटी आणि ही साखळी कुठे तरी तुटली की हजारो कुटुंबे लटकत. एकीकडे घराचे भाडे, दुसरीकडे कर्जाचा हप्ता, अशी कात्री. देशभरातल्या मध्यमवर्गाचा हा संताप अखेर संसदेपर्यंत पोचला. मार्च २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा संमत झाला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. हाच तो ‘रेरा’. तो मुंबई-पुण्यातल्या वाचकाला लागू आहे, तसाच इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बंगळुरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही. पश्चिम बंगालने आपला स्वतंत्र कायदा केला होता. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि तिथेही रेराचाच मार्ग मोकळा झाला. बिल्डरांनी या कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले होते. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कायदा वैध ठरवला.

रेराने नेमके काय दिले?

या कायद्याचा गाभा चार-पाच गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट नोंदणीची. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. नोंदणी न केल्यास प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी करताना दिलेले नकाशे, परवाने, मालकीची माहिती आणि घर पूर्ण करण्याची तारीख प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. जो नकाशा मिळवण्यासाठी नोएडाच्या रहिवाशांना न्यायालय गाठावे लागले, तो पाहण्याचा हक्क आता कायद्यानेच दिला आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती फक्त त्याच प्रकल्पाच्या बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठी काढता येते. तीही काम जितके झाले त्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्या दाखल्यावर.

तिसरी गोष्ट मापाची. ‘बिल्ट-अप’, ‘सुपर बिल्ट-अप’ असे शब्द वापरून जिना, गच्ची, पॅसेज सारे ग्राहकाच्या गळ्यात मारण्याची पद्धत होती. आता विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर करावी लागते.

चौथी गोष्ट कराराची. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार सक्तीचा झाला आणि एकदा दाखवलेल्या आराखड्यात मोठे बदल करायचे, तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. बागेच्या जागी परस्पर मनोरा उभा करणे आता तितके सोपे राहिलेले नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उशिराची. ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागायचे किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचे. निवड ग्राहकाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले.

यापूर्वी करारांची तऱ्हा कशी असे, हे अनेकांना आठवत असेल. हप्त्याला उशीर झाला तर ग्राहकाला जबर व्याज, पण ताब्याला उशीर झाला तर बिल्डरकडून चौरस फुटामागे काही रुपये! २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्रामच्या एका प्रकरणात असे एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे सांगून ग्राहकाला त्यातून मोकळे केले. छापील करारावर सही केली म्हणजे सारे संपले, असे आता राहिलेले नाही.

नंबर होता, परवाना नव्हता

एवढा कायदा झाला म्हणजे फसवणूक थांबली का? दुर्दैवाने नाही. कल्याण-डोंबिवलीतील प्रकरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. तिथे ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेचे बनावट बांधकाम परवाने तयार केले गेले आणि त्याच खोट्या कागदांच्या आधारे महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवण्यात आले. लोकांनी क्रमांक पाहिला, विश्वास ठेवला, कर्जे काढली आणि राहायला गेले. एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेतून हे बिंग फुटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी नियमाप्रमाणे रेरा क्रमांक पाहून घर घेतले होते, त्यांच्याच पायाखालची जमीन सरकली.

या प्रकारानंतर बांधकाम परवाने संबंधित पालिकेकडून थेट पडताळून घेण्याची पद्धत महारेराने सुरू केली. पण घर घेणाऱ्याने यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. रेराचा क्रमांक ही चौकशीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. प्राधिकरण बिल्डरने दिलेली माहिती जाहीर करते. त्या माहितीतला परवाना खरा आहे का, हे ज्या कार्यालयाने तो दिला तिथेच कळते. पालिकेच्या नगररचना विभागात एक चक्कर किंवा माहितीच्या अधिकारातला एक अर्ज, इतक्यात हे काम होते.

असाच गैरसमज दस्तनोंदणीबद्दलही आहे. ‘रजिस्ट्रेशन झाले, स्टॅम्प ड्युटी भरली, आता काळजी कसली?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंद होते, इमारतीची तपासणी नव्हे. बेकायदा इमारतीतल्या घराचाही दस्त नोंदला गेल्याची उदाहरणे आहेत. तीच गोष्ट बँकेच्या कर्जाची. बँक स्वतःच्या पैशांची काळजी घेते आणि तिचा वकील तिचा असतो, आपला नव्हे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका बेकायदा बांधकामाच्या खटल्यात देशभरासाठी निर्देश दिले. भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच ताबा द्यावा, वीज-पाण्याची जोडणी त्यानंतरच मिळावी, बँकांनीही हा दाखला पडताळूनच कर्ज द्यावे आणि बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा, असे त्यात म्हटले आहे. इतकी वर्षे बेकायदा बांधकाम झाल्यावर ते पाडायचे की वाचवायचे, यावर वाद होत असे. आता ते उभेच राहू नये, यावर भर आहे.

हुकूम मिळाला, पैसे कुठे?

रेराकडे गेलेल्या ग्राहकाच्या बाजूने निकाल लागतो, तेव्हा घरात पेढे वाटले जातात. पण निकालाचा कागद आणि हातात आलेले पैसे यांच्यात पुष्कळ अंतर असू शकते. बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला निघतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. तहसीलदार मालमत्ता जप्त करून लिलाव करू शकतात. मात्र मालमत्ता आधीच गहाण असली किंवा कंपनी बुडाली, तर ग्राहकाला वाट पाहत बसावे लागते. अपिलात जाणाऱ्या बिल्डरला ग्राहकाची रक्कम आधी जमा करावी लागते, एवढा दिलासा कायद्याने जरूर दिला आहे.

कंपनीच दिवाळखोरीत निघाली तर? पूर्वी अशा वेळी बँकांचा हात आधी पोचे आणि घर घेणारा रांगेच्या शेवटी असे. जून २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर घेणाऱ्यांना बँकांप्रमाणेच वित्तीय धनको मानले गेले. धनकोंच्या समितीत त्यांना आवाज मिळाला. नंतर मात्र एक अट आली. त्याच प्रकल्पातील किमान १०० किंवा १० टक्के ग्राहक एकत्र आले, तरच असा अर्ज करता येतो. थोडक्यात, एकट्याने धावपळ करण्यापेक्षा शेजाऱ्यांची संघटना करणे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

संघटित ग्राहक काय करू शकतात, याचे मोठे उदाहरण ‘आम्रपाली’चे. नोएडा आणि ग्रेटर नोएडात ४२ हजारांहून अधिक कुटुंबांची घरे अडकली होती. त्यांचे पैसे भलतीकडे वळवल्याचे न्यायालयाने नेमलेल्या हिशेब तपासनीसांना आढळले. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरी घरे पुरी करण्याचे काम सरकारी बांधकाम कंपनी ‘एनबीसीसी’कडे सोपवले. त्याच वर्षी रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटी रुपयांचा विशेष निधीही केंद्राने जाहीर केला. घरे मिळू लागली, पण त्यासाठी किती कुटुंबांची उमेदीची वर्षे गेली, याचा हिशेब कोणता न्यायालयीन तपासनीस करणार?

बिल्डरांचेही एक म्हणणे असते आणि ते सगळेच टाकाऊ नाही. एका इमारतीसाठी डझनावारी परवानग्या लागतात, फायली टेबलावर पडून राहतात आणि उशिराचे खापर मात्र आपल्यावर फुटते, अशी त्यांची तक्रार असते. युद्ध, पूर, भूकंप अशा आपत्तींत रेराही मुदत वाढवून देतो. कोरोनाच्या काळात अशी मुदतवाढ मिळालीही. प्रामाणिक व्यावसायिकाला या कायद्याने तोटा झालेला नाही. उलट, नोंदणी, स्वतंत्र खाते आणि खुली माहिती यांमुळे त्याची विश्वासार्हता वाढली. अडचण झाली ती दुसऱ्याच्या पैशांवर तिसरीकडे इमले बांधणाऱ्यांची.

किल्ल्या मिळाल्या, पुढे काय?

वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, की आपण कागदांची फाइल कपाटात टाकतो. तिथेही चूक होते. मुंबईतील एका सोसायटीचे उदाहरण बोलके आहे. सभासद १९९७ पासून राहत होते, पण बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिले नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाण्याचा आकार ५० टक्के जादा भरावा लागत होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ते मिळेपर्यंत हा दोष रोज नव्याने घडत राहतो, असे न्यायालयाने सांगितले. वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या असंख्य सोसायट्यांना या निकालाने वाट दाखवली आहे.

दुसरा कागद जमिनीचा. सदनिका आपली, पण खालची जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर, अशी कितीतरी सोसायट्यांची स्थिती आहे. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा हे ध्यानात येते. बिल्डर सही करत नसेल किंवा परागंदा झाला असेल, तर महाराष्ट्रात २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही सोय झाली आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटी बिल्डरच्या सहीवाचून जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते.

तिसरी गोष्ट बांधकामातल्या दोषाची. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत गळती, तडे, निकृष्ट काम असे दोष निघाले, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती केली पाहिजे. पहिल्याच पावसाळ्यात ओल आली तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी बिल्डरला लेखी पत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

सही करण्यापूर्वी

• रेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो मोबाइलने तपासता येतो. बिल्डरचे नाव, सर्व्हे नंबर, इमारतीची विंग, सारे करारातल्याशी जुळते का ते पाहावे.

• बांधकाम प्रारंभाचा दाखला कितव्या मजल्यापर्यंत आहे, हे नीट वाचावे. दाखला अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळतो. आपला मजला त्यात आहे का, आणि दाखला खरा आहे का, याची पालिकेत खातरजमा करावी.

• सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश आणि मालकीबाबतचा वकिलाचा शोध अहवाल पाहावा. आपला स्वतंत्र वकील नेमावा. लाखोंच्या व्यवहारात त्याची फी जड नसते.

• चटई क्षेत्र, ताब्याची तारीख, उशिराचे व्याज आणि पार्किंगची जागा करारात स्पष्ट लिहून घ्यावी. उघड्या जागेतले पार्किंग बिल्डरला विकता येत नाही.

• तोंडी आश्वासनाला किंमत नाही. ‘समोर बाग होणार आहे’ असे कोणी सांगितले, तर ती मंजूर नकाशात दाखवायला सांगावी. माहितीपत्रक आणि जाहिरात जपून ठेवावी. खोट्या जाहिरातीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाईही रेरात मागता येते.

• रोखीने पैसे देऊ नयेत. पावतीशिवाय दिलेली रक्कम परत मागताना पुरावा कुठून आणणार?

• भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय ताबा घेऊ नये. ‘पुढच्या महिन्यात येईल’ या शब्दावर कित्येक कुटुंबे आजही टँकरचे पाणी पीत आहेत.

हे सारे वाचून घर घेण्याची भीती वाटावी, असा हेतू नाही. देशात रोज शेकडो कुटुंबे कायदेशीर, सुरक्षित घरात राहायला जातात. पण सोन्याची साखळी घेताना आपण हॉलमार्क पाहतो, भाजी घेताना मेथीची जुडी उलटून पाहतो आणि वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेताना मात्र नमुना फ्लॅटमधली झुंबरे पाहून सही करून मोकळे होतो. नोएडाच्या त्या रविवारी जे धुळीला मिळाले, ते केवळ सिमेंट आणि लोखंड नव्हते. त्यात अनेकांचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे होते, आईच्या बांगड्या होत्या, निवृत्तीनंतरचा निवारा होता.

पुढच्या वेळी बिल्डरच्या कचेरीत चहाचा कप समोर आला, की चहा जरूर घ्यावा. पण पेन हातात घेण्यापूर्वी म्हणावे, “कागद द्या, दोन दिवस घरी नेऊन वाचतो.” ज्याचे कागद स्वच्छ आहेत, तो आनंदाने देईल. आणि जो द्यायला काकू करील, त्याने आपले उत्तर देऊनच टाकले, असे समजावे.